विषाणूचा माग कसा लागतो?

रोगी समोर येऊन बसला म्हणजे अनुभवी डॉक्टर त्याची नाडी पाहतो, जीभ पाहतो, छातीला नळी लावून श्वासाचा आवाज ऐकतो, आणि पुष्कळ वेळां तेवढ्यावरून रोगाचें नांव सांगतो. परंतु कांहीं रोग असे आहेत कीं, त्यांचीं बाह्य लक्षणें एकमेकांपासून निवडतां येत नाहींत. ताप, अंगदुखी, डोकेदुखी व थकवा हीं लक्षणें डेंग्यूंत दिसतात, इन्फ्लुएंझांत दिसतात, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गांवांतून आढळलेल्या माकडतापांतहि आरंभीं तींच दिसतात. लक्षणें सारखीं, पण रोग निराळे; आणि रोग निराळे म्हणून पुढचा धोका निराळा व घ्यावयाची काळजीहि निराळी. अशा वेळीं डॉक्टर रोग्याचें रक्त किंवा नाकाघशांतील स्राव प्रयोगशाळेकडे पाठवितात. कांहीं वेळानें एक कागद परत येतो, आणि त्यावर विषाणु 'आढळला' किंवा 'आढळला नाहीं' एवढेंच लिहिलेलें असतें.

ह्या एवढ्याशा मजकुरावर घरांतील सर्व मंडळींची झोप अवलंबून असते. प्रयोगशाळेला हें कळतें कसें, आणि त्यावर भरंवसा कितपत ठेवावा, हें समजून घेण्याचा प्रयत्न आपण ह्या लेखांत करूं.

प्रथम विषाणु म्हणजे काय तें पाहूं. जंतु आणि विषाणु हे शब्द आपण बोलतांना एकाच अर्थानें वापरतों. पण त्या दोहोंत मोठा भेद आहे. क्षयाचा किंवा पटकीचा जंतु ही एक स्वतंत्र सजीव पेशी असते. तो अन्न घेतो, वाढतो, आणि एकाचे दोन होतो. विषाणूचें तसें नाहीं. त्याला स्वतःची चूल नाहीं कीं भांडींकुंडीं नाहींत. प्रथिनांचें एक कवच, आणि त्याच्या आंत आपल्यासारखे आणखी विषाणु कसे घडवावे ह्याच्या सूचनांचा एक लांबच लांब धागा, एवढाच त्याचा संसार. हा धागा घेऊन तो आपल्या शरीरांतील एखाद्या पेशींत शिरतो आणि त्या पेशीच्याच सामग्रीवर आपल्या असंख्य प्रती काढून घेतो. आकारानें तो इतका सूक्ष्म कीं, कोरोना जातीचे दहा हजार विषाणु एका ओळींत मांडले तरी ती ओळ सुमारें एक मिलिमीटरच भरेल. शाळेंतील सूक्ष्मदर्शकानें तो दिसणें शक्य नाहीं. त्याकरितां इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नांवाचें मोठें व महाग यंत्र लागतें, आणि प्रत्येक रोग्याकरितां तें यंत्र चालविणें व्यवहारांत जमण्यासारखें नाहीं.

मग पूर्वीं विषाणु ओळखीत कसे? त्याचें एक उदाहरण आपल्या जवळचेंच आहे. इ. स. १९५७ मध्यें त्या वेळच्या म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्यांत, क्यासनूर नांवाच्या जंगलाच्या परिसरांत, माकडें मरून पडूं लागलीं, आणि आसपासच्या खेड्यांतील माणसेंहि तापानें आजारी होऊं लागलीं. इ. स. १९५२ मध्यें पुण्यास एक विषाणु संशोधन केंद्र निघालें होतें. आज तेंच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं ह्या रोगाचा शोध हातीं घेतला. रोग्यांच्या रक्ताचे व मेलेल्या माकडांच्या शरीरांतून घेतलेले नमुने त्यांनीं उंदरांना टोंचले, उंदीर आजारी पडण्याची वाट पाहिली, आणि त्यांच्या शरीरांतून विषाणु वेगळा काढून तो नवीनच आहे असें सिद्ध केलें. गोचिडींच्या चाव्यानें पसरणारा माकडताप तो हाच. हें काम मोठ्या धैर्याचें होतें; कारण नमुना हाताळणाऱ्यालाच रोग जडण्याची भीति असे. पण त्यास दिवसच्या दिवस लागत, आणि तोंपर्यंत खाटेवरच्या रोग्याचें जें व्हावयाचें तें होऊन जाई.

दुसरा मार्ग प्रतिपिंडांचा. विषाणु शरीरांत शिरला म्हणजे आपलें रक्त त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रथिनें तयार करितें. त्यांस प्रतिपिंडें म्हणतात. रक्तांत तीं सांपडलीं म्हणजे विषाणु येऊन गेला असें अनुमान निघतें. ही परीक्षा सोपी व स्वस्त आहे, आणि आजहि तिचा फार उपयोग होतो. परंतु पुरेशीं प्रतिपिंडें तयार होण्यास बहुधा आठवडाभर किंवा अधिक काळ लागतो, आणि रोग बरा झाल्यावरहि त्यांतील कांहीं प्रतिपिंडें महिनेच्या महिने, कधीं वर्षानुवर्षें, रक्तांत राहतात. चोर आज घरांत आहे कीं गेल्या वर्षीं येऊन गेला, ह्याचा उलगडा केवळ त्याच्या पावलांच्या जुन्या ठशांवरून नेहमींच होत नाहीं.

आतां आपण आपल्या मुख्य विषयाकडे वळूं. विषाणूचें शरीर शोधावयाचें नाहीं, आणि आपल्या रक्तानें त्यास दिलेलें उत्तरहि शोधावयाचें नाहीं. तर त्याच्या आंतील सूचनांचा जो धागा, तोच शोधावयाचा, ही रेणवीय परीक्षेची मूळ कल्पना आहे. हा धागा म्हणजे जणूं एक लेख होय. त्याची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. शास्त्रज्ञ त्यांस ए, सी, जी आणि टी असें म्हणतात. कांहीं विषाणूंचा धागा डी. एन. ए. चा असतो, तर कांहींचा आर. एन. ए. चा, दुसऱ्या प्रकारांत टी च्या जागीं यू हें अक्षर येतें. इ. स. २०२० मध्यें जगभर पसरलेल्या कोरोना विषाणूचा लेख आर. एन. ए. चा असून तो सुमारें तीस हजार अक्षरांचा आहे. डेंग्यूचा लेख निराळा, माकडतापाचा निराळा. रोगाचीं लक्षणें एकमेकांशीं जुळतील, पण हे लेख आरंभापासून शेवटपर्यंत जुळत नाहींत. म्हणून ओळख पटवावयाची ती लेखावरूनच.

पण इतका बारीक लेख वाचावयाचा कसा? येथें निसर्गाचा एक नियम कामीं येतो. ह्या अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. ए समोर टी किंवा यू च बसतो, आणि सी समोर जी च बसतो. तेव्हां विषाणूच्या लेखांतील एखादी जागा निवडून तिच्या नेमका उलट असा सुमारें वीस अक्षरांचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेंत तयार केला, तर तो तुकडा त्या जागींच जाऊन चिकटतो. ह्या तुकड्यास प्रायमर असें म्हणतात. चार अक्षरांपासून वीस अक्षरांच्या ओळी किती होतील ह्याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं अवश्य करून पाहावा. ती संख्या एक लाख कोटींच्याहि वर जाते. म्हणून निवडलेली ओळ दुसऱ्या एखाद्या लेखांत योगायोगानें जशीच्या तशी सांपडण्याचा संभव फारच थोडा. त्यांतहि परीक्षेंत एक नव्हे, दोन प्रायमर वापरतात, एक ह्या टोंकास व दुसरा त्या टोंकास. आणि दोघांच्या मधल्या भागाची ओळख पटविण्याकरितां तिसरा तुकडा निराळाच असतो. तिघांची साक्ष जुळली तरच उत्तर होकारार्थी येतें.

साक्षीदार मिळाले तरी एक अडचण उरतेच. नमुन्यांत विषाणूचे धागे थोडे असतात. कधीं कधीं ते दहा-वीसच असतात, आणि इतक्या थोड्यांवरून कोणत्याहि यंत्रास कांहींहि दिसत नाहीं. ह्यावर उपाय एकच, कीं त्या धाग्याच्या निवडलेल्या भागाच्या प्रती काढीत जावयाच्या. भारतांत जन्मलेले नोबेल पारितोषिकविजेते शास्त्रज्ञ हरगोविंद खोराना ह्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. १९७१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत दोन प्रायमर वापरून अशा प्रती काढतां येतील ही कल्पना मांडलेली आढळते. परंतु ती पूर्णपणें अमलांत आणण्याचा मार्ग अमेरिकेंतील कॅरी मलिस ह्यांस इ. स. १९८३ मध्यें सुचला, आणि त्याबद्दल इ. स. १९९३ मध्यें त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. ह्या पद्धतीस पी. सी. आर., म्हणजे पॉलिमरेज शृंखला-प्रक्रिया, असें नांव आहे.

तिची रीत अशी. डी. एन. ए. चा दुपदरी धागा सुमारें ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविला कीं त्याचे दोन पदर सुटे होतात. मग उष्णता ६० अंशांच्या आसपास उतरविली म्हणजे प्रायमर आपापल्या जागीं चिकटतात. त्यानंतर पॉलिमरेज नांवाचें विकर प्रायमरपासून पुढें एकेक अक्षर जोडीत नवा पदर विणतें. एका धाग्याचे असे दोन धागे झाले. पुन्हां तापविलें कीं दोहोंचे चार, चारांचे आठ. सावकाराचें चक्रवाढ व्याज कसें फुगतें तें आपण अंकगणितांत शिकतोंच. येथें तर प्रत्येक फेरींत मुद्दलच दुप्पट होतें! दहा फेऱ्यांत एकाचे हजारावर, वीस फेऱ्यांत दहा लाखांवर, आणि तीस फेऱ्यांत शंभर कोटींवर धागे होतात. आणि ह्या सर्व फेऱ्यांस मिळून एक-दोन तासच लागतात.

कोरोना, डेंग्यू किंवा माकडताप ह्यांचा लेख आर. एन. ए. चा असल्यामुळें त्याचा अगोदर डी. एन. ए. त उतारा करावा लागतो. हें उलट लेखन करणारें विकर इ. स. १९७० मध्यें हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें शोधून काढलें. वृत्तपत्रांतून आपण 'आर. टी. पी. सी. आर.' असें जें वाचीत होतों, त्यांतील 'आर. टी.' हीं दोन अक्षरें ह्याच उलट लेखनाचीं.

पॉलिमरेज विकराची कथाहि बोधप्रद आहे. बहुतेक विकरें उष्णतेनें नासतात, अंडें उकडल्यावर घट्ट होतें त्याप्रमाणें. त्यामुळें आरंभीं प्रत्येक फेरीनंतर नवें विकर घालावें लागे. अमेरिकेंतील यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत राहणारा एक जंतु थॉमस ब्रॉक ह्या शास्त्रज्ञानें आपल्या एका विद्यार्थ्याच्या मदतीनें इ. स. १९६६ मध्यें शोधून काढला होता. जो जंतु सत्तर अंशांच्या पाण्यांत सुखानें नांदतो, त्याचें विकरहि उष्णता सोसणारेंच असणार. पुढें वीस-बावीस वर्षांनीं ह्याच जंतूच्या विकरानें पी. सी. आर. सुलभ केली. झऱ्यांतील त्या जंतूचा अभ्यास चालला होता, त्या वेळीं त्याचा रोग्यांना कांहीं उपयोग होईल असें कोणास स्वप्नांतहि वाटलें नसेल. निव्वळ जिज्ञासेनें केलेला अभ्यास कोठें फळाला येईल हें आधीं सांगतां येत नाहीं.

प्रती निघाल्या हें यंत्रास कळतें कसें? वर सांगितलेल्या तिसऱ्या तुकड्यास एक प्रकाश देणारा रेणु आणि त्याचा प्रकाश दाबून धरणारा दुसरा रेणु असे जोडलेले असतात. नवा पदर विणला जात असतां हा तुकडा तुटतो, दोन्ही रेणु अलग होतात, आणि प्रकाश मोकळा होतो. प्रती जसजशा वाढतील तसतसा प्रकाश वाढतो. कितव्या फेरीस तो ठराविक मर्यादेच्या वर गेला हें यंत्र नोंदवून ठेवितें. नमुन्यांत विषाणूचे धागे पुष्कळ असतील तर प्रकाश लवकर, म्हणजे पंधराव्या-विसाव्या फेरीसच दिसतो. थोडे असतील तर पस्तिसाव्या फेरीची वाट पाहावी लागते. चाळीस फेऱ्यांच्या आसपासहि प्रकाश दिसला नाहीं, तर 'आढळला नाहीं' असें लिहितात.

ह्या पद्धतीचें बळ इ. स. २०२० च्या आरंभीं दिसून आलें. जानेवारी महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास चिनी शास्त्रज्ञांनीं नव्या कोरोना विषाणूचा लेख जगापुढें ठेविला. लेख मिळतांच दूरदूरच्या प्रयोगशाळांनीं प्रायमर तयार केले. बर्लिन येथील शास्त्रज्ञांनीं तर विषाणु हातीं नसतांनाच परीक्षा तयार केली. त्याच महिन्याच्या ३० तारखेस भारतांतील पहिला रोगी केरळांत आढळला, आणि त्याच्या नमुन्याचा निर्णय पुण्याच्या त्याच संस्थेनें दिला, जिच्या शास्त्रज्ञांनीं १९५७ सालीं उंदरांवरून माकडताप ओळखला होता. आतां माकडतापासहि अशीच परीक्षा आहे, आणि तापाच्या पहिल्या दिवसांतच तिचा निर्णय मिळूं शकतो.

परंतु जितकी परीक्षा तीक्ष्ण, तितकी ती चालविणाऱ्यानें दक्षता अधिक बाळगली पाहिजे. ज्या नळींत कोट्यवधि प्रती तयार झाल्या, तिच्यांतील एक सूक्ष्म थेंब दुसऱ्या नळींत उडाला तर निरोगी माणूस रोगी ठरेल. म्हणून मिश्रण करण्याची खोली निराळी, नमुना हाताळण्याची निराळी, आणि प्रती काढण्याची निराळी ठेवितात. प्रत्येक वेळीं रोग्यांच्या नमुन्यांबरोबर एका नळींत नुसतें शुद्ध पाणी घालतात. तिच्यांतून होकार आला तर कोठें तरी भेसळ झाली असें समजून सर्व काम पुन्हां करावें लागतें. दुसऱ्या एका नळींत विषाणूचा लेख मुद्दाम घातलेला असतो. तिच्यांतून नकार आला तर रसायनें बिघडलीं असें समजावयाचें. शिवाय रोग्याच्या नमुन्यांत माणसाच्या पेशींतील एक ठराविक लेखहि शोधतात. तो न मिळाला तर स्वॅब नीट घेतला गेला नाहीं असें ठरतें, आणि रोग्यास पुन्हां बोलावितात. दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं स्वतःस तपासून पाहण्याची ही शिस्त आपण सर्वांनींच घेण्यासारखी आहे.

इतकें करूनहि ह्या परीक्षेस मर्यादा आहेतच. ती उत्तर देते तें एकाच प्रश्नाचें: ह्या नमुन्यांत हा लेख आहे काय? नमुना फार लवकर किंवा फार उशिरां घेतला, चुकीच्या जागेचा घेतला, अथवा वाटेंत उन्हांत राहून लेख नासला, तर शरीरांत विषाणु असूनहि उत्तर नकारार्थी येईल. विषाणूच्या लेखांत कालांतरानें फरक पडतात. इ. स. २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन नांवाचा प्रकार आला, तेव्हां कांहीं परीक्षांतील तीन जागांपैकीं एक जागा सांपडेनाशी झाली. सुदैवानें इतर जागा सांपडत होत्या म्हणून निर्णय चुकला नाहीं. एकाऐवजीं अनेक जागा तपासण्याचें महत्त्व ह्यावरून ध्यानांत येईल.

उलट बाजूनेंहि विचार केला पाहिजे. लेख सांपडला म्हणजे विषाणु जिवंत आहेच असें नाहीं. मेलेल्या विषाणूच्या धाग्यांचे तुकडे रोगी बरा झाल्यावरहि कित्येक आठवडे नाकाघशांत सांपडूं शकतात. म्हणूनच मे २०२० मध्यें आपल्या देशांतील नियम बदलून, सौम्य आजार असलेल्या रोग्यास घरीं पाठविण्यापूर्वीं पुन्हां परीक्षा करण्याची अट काढून टाकण्यांत आली. ताप उतरून ठराविक दिवस गेले म्हणजे पुरे असें ठरलें. परंतु शास्त्राला जें कळलें तें सर्व शेजाऱ्यांना कळलें नाहीं. बरे होऊन घरीं आलेल्या माणसांकडे पाठ फिरविली गेली, त्यांच्या मुलांशीं बोलणें बंद झालें, असे प्रकार त्या काळांत ठिकठिकाणीं घडले. कागदावरील एका शब्दाचा अर्थ नीट न समजल्याचा हा परिणाम.

आतां एकच उदाहरण देऊन हा विषय पुरा करूं, कारण ह्या परीक्षेची खरी थोरवी त्यांत दिसते. एच. आय. व्ही. ह्या विषाणूची बाधा असलेल्या मातेच्या पोटीं बालक जन्माला येतें. मातेचीं प्रतिपिंडें गर्भांतच बालकाच्या रक्तांत उतरलेलीं असतात, आणि तीं दीड वर्षापर्यंतहि टिकूं शकतात. त्यामुळें प्रतिपिंडांची परीक्षा केली तर निरोगी बालकहि बाधित दिसतें, आणि खरें काय तें कळण्यास दीड वर्ष वाट पाहावी लागते. पण बाधा झालेल्या बालकास तितका अवकाश नसतो. उपचार न मिळाल्यास अशा बालकांपैकीं सुमारें निम्मीं दोन वर्षांचीं होण्यापूर्वींच दगावतात. रेणवीय परीक्षा मातेच्या प्रतिपिंडांकडे पाहतच नाहीं. ती विषाणूचा लेख शोधते. बालक सहा आठवड्यांचें झालें म्हणजे त्याच्या टांचेंतून रक्ताचे चार-पांच थेंब जाड कागदाच्या पत्रिकेवर घेतात, तें सुकवितात, आणि ती पत्रिका बर्फावांचूनहि दूरच्या प्रयोगशाळेकडे जाऊं शकते. लेख आढळला तर दुसरा नमुना घेऊन खात्री करितात, आणि त्यासाठीं वाट न पाहतां औषध सुरू होतें. नाहीं आढळला तरी पुढें ठराविक काळानें परीक्षा करावी लागतेच; परंतु त्या मातेच्या मनावरील केवढें ओझें त्या दिवशीं हलकें होत असेल! आणि मातेनें गरोदरपणांत नियमानें औषध घेतलें, तर बालकास बाधा होण्याचा संभवच अगदीं अल्प राहतो.

तेव्हां प्रयोगशाळेचा कागद हातीं आला म्हणजे पालकांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. नमुना कशाचा व आजाराच्या कितव्या दिवशीं घेतला हें पाहावें. कोणत्या विषाणूचा शोध केला हें पाहावें; कारण जो लेख शोधलाच नाहीं त्याविषयीं तो कागद कांहींच सांगत नाहीं. आणि फेऱ्यांचा आंकडा कागदावर असला तर तो परीक्षेंतील गुणांप्रमाणें वाचूं नये. स्वॅब कसा घेतला ह्यानेंहि तो कमीअधिक होतो. कागद डॉक्टरांस दाखवावा, आणि रोग्याची प्रकृति व कागद ह्या दोहोंचा मेळ घालून ते जें सांगतील त्याप्रमाणें वागावें.

विद्यार्थ्यांनींहि एवढें लक्षांत घ्यावें कीं, शास्त्र जें सांगतें तें नेमकें असतें. त्यांत आपल्या भीतीची भर घालूं नये, आणि आपल्या सोयीसाठीं त्यांतून कांहीं वगळूंहि नये. 'आढळला' हा शब्द नमुन्याविषयीं आहे. ज्या माणसाचा तो नमुना, त्याला त्या वेळीं औषधाची, जेवणाच्या डब्याची आणि दुरून कां होईना पण दोन गोड शब्दांची गरज असते. आणि हें पुरविण्यास कोणतीहि प्रयोगशाळा लागत नाहीं.